गेलेल्या प्रशिक्षकाचा वारसा कसा मोजावा: लोबेरा आणि एफसी गोवा

सर्जिओ लोबेरा यांना एफसी गोवाने जानेवारी 2020 च्या अखेरीस प्रशिक्षकपदावरून दूर केले, तेव्हा संघ इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या गुणतक्त्यात पहिल्या स्थानावर होता आणि साखळीचे केवळ तीन सामने शिल्लक होते. तीन आठवड्यांच्या आत संघाने, साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळणारी, लीग विनर्स शील्ड जिंकली. त्यापुढच्या हंगामात लोबेरा मुंबई सिटीच्या बाकावर बसले आणि त्यांनी तिथे शील्ड आणि बाद फेरीच्या अंतिम सामन्यात जिंकायचा करंडक असे दोन्ही मिळवले. करंडकाचा अंतिम सामनाही फातोर्ड्याला, म्हणजे गोव्याच्या घरच्या मैदानावरच झाला. गोव्याच्या पाठीराख्यांमध्ये तेव्हापासून जो वाद चालू आहे, तो अजून शमलेला नाही. मी स्वतः गोव्याचा पाठीराखा आहे, या वादात अनेकदा आवाज चढवून बोललो आहे आणि त्यातूनच हा वाद कसा घालावा याविषयी काही पक्की मते बनली आहेत. वाद बंद व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. ज्या माणसाने आपल्याला तीन हंगाम इतका आनंद दिला आणि शेवटी इतके दुखावले, त्याच्याविषयी बोलताना त्याच्यावर, क्लबवर आणि खेळाडूंवर अन्याय होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

सर्वांत आधी आपण नेमक्या कोणत्या प्रश्नावर बोलत आहोत हे ठरवून घ्यावे, कारण लोबेरांच्या नावाखाली एकाच वेळी तीन निरनिराळे वाद चालतात. ते चांगले प्रशिक्षक होते का, हा पहिला. क्लबने त्यांना काढले ते योग्य झाले का, हा दुसरा. ते गेल्यानंतर क्लबपाशी काय उरले, हा तिसरा, आणि वारसा हा शब्द खरे तर केवळ या तिसऱ्या प्रश्नाला शोभतो. एकजण संघाने केलेल्या गोलांचा आकडा सांगतो, दुसरा गमावलेल्या अंतिम सामन्याची आठवण काढतो आणि तिसरा म्हणतो की त्यांनी आपले खेळाडू मुंबईला नेले. तिघांचेही म्हणणे खरे असते, पण कोणीही दुसऱ्याला उत्तर दिलेले नसते. म्हणून समोरच्याने वाक्य उच्चारताच ते या तीनपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे मनाशी पाहावे, आणि प्रश्न वेगळा असेल तर तसे स्पष्ट सांगून मगच बोलणे पुढे न्यावे.

त्यानंतर प्रशिक्षकाच्या हाती संघ आला तेव्हा तो कोणत्या अवस्थेत होता, हे पाहावे. 2016 च्या हंगामात झिको यांच्या मार्गदर्शनाखाली गोवा आठ संघांत शेवटच्या स्थानावर राहिला होता आणि 2017 मध्ये लोबेरा आले, एवढेच सांगितले तर त्यांच्याआधी सगळा अंधारच होता असा समज होतो. तो चुकीचा आहे. याच झिकोंनी 2014 मध्ये संघाला उपांत्य फेरीत आणि 2015 मध्ये अंतिम सामन्यात नेले होते. तो अंतिम सामना फातोर्ड्यावर चेन्नईयिनने शेवटच्या क्षणी 3-2 असा जिंकला, आणि त्या रात्रीचा सल अजूनही अनेकांच्या मनात आहे. शेवटच्या स्थानापासून मोजले तर प्रगती फार मोठी दिसते आणि 2015 पासून मोजली तर बेताची. दोन्ही अंतरे सांगावीत. शिवाय 2017 चा संघ जवळपास नव्याने उभारलेला होता, आणि खेळाडू निवडणे, त्यांच्याशी करार करणे, त्यासाठी पैसे उभे करणे हे काम एकटा प्रशिक्षक करत नाही, याची नोंद ठेवावी.

इथे गोव्यापुरती एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोव्याचे फुटबॉल 2014 मध्ये जन्माला आलेले नाही. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते, आणि ज्यांनी तो काळ मैदानावर जाऊन पाहिला आहे, ती वडीलधारी मंडळी लोबेरांच्या कौतुकाकडे थोड्या संशयाने पाहतात. त्यांच्याशी बोलताना करंडकांची संख्या समोर ठेवू नये, कारण स्पर्धा वेगळी, परदेशी खेळाडूंचे नियम वेगळे आणि घरचा माणूस वर्षानुवर्षे एकाच क्लबला घडवत राहणे ही गोष्टच वेगळी. तुलना करायचीच असेल, तर कोणाच्या हाताखाली गोव्याचा खेळाडू अधिक शिकला, या मुद्द्यावर करावी. तिथे दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे पुष्कळ असते.

आता खेळाच्या शैलीकडे येऊ. या मुद्द्यावर सवडीने बोलावे, कारण लोबेरांची खरी ओळख तिथेच आहे. 30 नोव्हेंबर 2017 रोजी फातोर्ड्यावर बेंगळूरु एफसीविरुद्ध झालेला 4-3 चा सामना आणि नऊ दिवसांनी केरळा ब्लास्टर्सवर मिळवलेला 5-2 असा विजय, हे दोन सामने ज्याने पाहिले त्याला त्यांच्या खेळाची व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही. दोन्ही सामन्यांत फेरान कोरोमिनासने, म्हणजे आपल्या कोरोने, हॅटट्रिक केली. गोलरक्षकाने चेंडू लांब न फेकता जवळच्या बचावपटूकडे द्यायचा, मधल्या फळीतील अहमद जाहूने खाली येऊन तो ताब्यात घ्यायचा आणि प्रतिस्पर्धी पुढे सरसावला की मोकळ्या पडलेल्या बाजूला नेमका लांब पास काढायचा, ही या खेळाची साधारण रीत होती. बाजूचे बचावपटू इतके पुढे जात की कधी कधी आपल्या अर्ध्यात दोनच माणसे उरत. मंदार राव देसाई हा मूळचा डाव्या बगलेवरचा आक्रमक खेळाडू लोबेरांच्या काळात डावा बचावपटू झाला, तो याच गरजेपोटी. ज्याला आपण पहिल्या हंगामापासून वेगाने धावणारा विंगर म्हणून ओळखत होतो, त्याची कारकीर्द या एका निर्णयाने बदलली.

शैलीविषयी बोलताना मात्र केलेल्या गोलांबरोबर खाल्लेले गोलही त्याच दमात सांगावेत. 2017-18 च्या साखळीतील 18 सामन्यांत गोव्याने 42 गोल केले आणि 28 खाल्ले. 2018-19 मध्ये केलेले गोल 36 होते आणि खाल्लेले 20. 2019-20 मध्ये हे आकडे अनुक्रमे 46 आणि 23 झाले. लोबेरांचा संघ फक्त आक्रमण करतो आणि बचाव वाऱ्यावर सोडतो, असे जे सरसकट म्हटले जाते, ते पहिल्या हंगामाला लागू पडते. पुढच्या दोन हंगामांना तितकेसे नाही. मधल्या हंगामात गोल कमी झाले आणि बचाव सुधारला, तिसऱ्यात गोल वाढूनही बचाव फारसा ढासळला नाही. प्रशिक्षक स्वतःच्या चुकांपासून शिकला, असे मी यावरून समजतो. वर्षवार आकडे न मांडता तीन हंगामांची एकत्र बेरीज करणाऱ्याला हे दिसणारच नाही, म्हणून बेरीज टाळावी. कोरोने तीन हंगामांत 18, 16 आणि 14 असे 48 गोल केले आणि पहिल्या दोन हंगामांत सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट मिळवला, हे सांगताना एवढ्या गोलांच्या संधी त्याला कोण आणि कशा निर्माण करून देत होते, हेही बोलण्यात यावे.

बाद फेरीचे सामने हा लोबेरांच्या टीकाकारांचा हुकमी मुद्दा आहे आणि तो टाळू नये. 2018 च्या उपांत्य फेरीत चेन्नईयिनने घरच्या 1-1 अशा बरोबरीनंतर आपल्याला चेन्नईत 3-0 असे नमवले. 2019 मध्ये उपांत्य फेरीत मुंबई सिटीला त्यांच्याच मैदानावर 5-1 ने हरवून आपण अंतिम सामन्यात पोचलो, पण अंधेरीच्या मैदानावर बेंगळूरुने जादा वेळेत एका गोलने करंडक नेला. मूळचा मुंबईकर असलेल्या बेंगळूरुच्या राहुल भेकेने कॉर्नरवर हेडर मारून तो गोल केला. त्याआधी जाहूला लाल कार्ड मिळाल्याने आपण दहा जणांनिशी खेळत होतो. अशा एखाद्या सामन्यावरून माणसाची किंमत करू नये, असे बचाव करणारे म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण एक पराभव आणि पराभवांचा साचा यांत फरक असतो. घट्ट बचाव करून उभ्या राहिलेल्या, कॉर्नर आणि प्रतिआक्रमणाची वाट पाहणाऱ्या संघापुढे लोबेरांचा गोवा अडखळत असे, हे दोन्ही वर्षांत दिसले. तेव्हा टीकाकाराचे तेवढे म्हणणे मान्य करून पुढे जावे. त्याच न्यायाने एप्रिल 2019 मध्ये भुवनेश्वरला चेन्नईयिनला 2-1 असे हरवून जिंकलेला सुपर कप हा क्लबचा पहिलाच करंडक होता, हेही त्याने मान्य करावे. त्या स्पर्धेतून आय-लीग या दुसऱ्या राष्ट्रीय साखळीच्या अनेक क्लबांनी माघार घेतली होती, ही गोष्ट आपण स्वतःहून सांगावी. आपल्या बाजूची उणी गोष्ट आपणच आधी सांगितली, तर पुढचे बोलणे अधिक विश्वासाने ऐकले जाते, असा माझा अनुभव आहे.

सर्वांत नाजूक भाग आहे तो शील्डचा. ती कोणाची? लोबेरा गेल्यावर क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे सूत्रे आली आणि उरलेले तीनही सामने गोव्याने जिंकले: हैदराबादवर 4-1, मुंबई सिटीवर 5-2 आणि 19 फेब्रुवारी 2020 रोजी जमशेदपूरमध्ये 5-0. शील्ड देण्याची प्रथा त्याच वर्षी सुरू झाली होती, त्यामुळे आपण तिचे पहिले विजेते ठरलो, आणि एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातील क्लबांच्या स्पर्धेच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही आपल्याकडे आला. पेरले एकाने आणि कापले दुसऱ्याने, असे म्हणण्याचा मोह इथे होतो. तो आवरावा. एकूण 39 गुणांपैकी 30 गुण लोबेरांच्या काळातले आणि 9 मिरांडांच्या काळातले, ही वाटणी कागदावर करता येते. पण हंगाम संपता संपता हादरलेले ड्रेसिंग रूम सांभाळून तीन सामन्यांत 14 गोल करणे हे काम आयते मिळालेले नव्हते. मिरांडा यांनी पुढे 2023 मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, तेव्हा त्या तीन सामन्यांकडे नुसता योगायोग म्हणून पाहणे आणखी कठीण झाले. शील्डवर दोघांचीही नावे असावीत, आणि क्रमाने पहिले लोबेरांचे असावे, असे माझे मत आहे.

त्यानंतरच्या उपांत्य फेरीत आपण चेन्नईयिनकडून चेन्नईत 4-1 असे हरलो आणि फातोर्ड्यावर 4-2 असे जिंकूनही एकूण 6-5 असे बाहेर पडलो. इथे वाद हमखास रुळावरून घसरतो. लोबेरा असते तर चेन्नईत चार गोल खाल्ले नसते, असे एकजण म्हणतो. लोबेरा असते तर बाद फेरीत नेहमीसारखेच झाले असते, असे दुसरा म्हणतो. ‘असते तर’ ने सुरू होणारी वाक्ये दोन्ही बाजूंनी बाजूला ठेवावीत, कारण त्यांना पुरावा देता येत नाही आणि ती खोडूनही काढता येत नाहीत.

क्लबने त्यांना का काढले, याविषयी बोलताना ऐकीव गोष्टी आणि जाहीर गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. खोलीत काय बोलले गेले हे आपल्यापैकी कोणी ऐकलेले नाही. पाठीराख्याला एवढे मात्र म्हणता येते, आणि मी ते म्हणतो, की अव्वल स्थानावर असलेल्या संघाचा प्रशिक्षक शेवटच्या तीन सामन्यांआधी दूर करायचा असेल, तर ज्यांनी तीन हंगाम तिकिटे काढून गॅलरी भरली, त्यांना त्याचे नीट कारण सांगितले गेले पाहिजे.

आता ज्या मुद्द्यावर मैत्री तुटण्याची वेळ येते, त्याकडे वळू. 2020-21 च्या हंगामाआधी मोर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमूस आणि मंदार राव देसाई हे चौघेही मुंबई सिटीत गेले, म्हणजे बचावाचा कणा, मधल्या फळीचा सूत्रधार, लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू आणि आपला घरचा डावा बचावपटू. याला विश्वासघात म्हणणारे बरेच आहेत. मंदार गेला तेव्हा मलाही फार लागले होते. परंतु ज्या प्रशिक्षकाला क्लबने स्वतःच दूर केले, त्याने पुढच्या कामासाठी आपल्या माहितीची माणसे मागितली तर त्याला विश्वासघात म्हणता येत नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा 65 टक्के हिस्सा घेतला होता, त्यामुळे तिथे अशी माणसे आणण्याची ऐपतही होती. राग धरायचाच असेल तर तो आधी आपल्याकडच्या निर्णयांवर धरावा.

मात्र या घटनेतून वारशाविषयी एक खरी आणि थोडी कटू गोष्ट कळते, आणि माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म तिच्यात आहे. लोबेरांचे फुटबॉल बऱ्याच अंशी काही ठराविक माणसांत साठवलेले होते. 2023 मध्ये ते ओडिशात गेले तेव्हा फॉल आणि जाहू तिथेही त्यांच्याबरोबर होते आणि पुढच्या वर्षी बुमूसही आला. शैली क्लबमध्ये रुजली असती, तर ती राबवणारी माणसे गेल्यावरही दुसऱ्या माणसांकडून उमटली असती. म्हणून वारसा मोजणाऱ्याने प्रशिक्षकाबरोबर काय गेले याची यादी आधी करावी आणि ती वजा केल्यावर हाती काय राहते ते पाहावे.

राहिले ते थोडे नव्हते. ब्रँडन फर्नांडिस, सेरिटन फर्नांडिस आणि एदू बेदिया हे लोबेरांच्या काळात आलेले खेळाडू क्लबमध्ये राहिले. नंतर आलेले प्रशिक्षक हुआन फेरांडो यांनी चेंडू जमिनीवर ठेवून खेळण्याची रीत सोडली नाही, आणि कोरोसह अर्धा संघ गमावूनही गोवा 2020-21 मध्ये चौथ्या स्थानावर राहून उपांत्य फेरीत पोचला. एप्रिल 2021 मध्ये फातोर्ड्यावर चॅम्पियन्स लीगमध्ये आपण कतारच्या अल रय्यान आणि अमिरातीच्या अल वहदा यांना गोलशून्य बरोबरीत रोखले आणि इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध बेदियाने गोल केला. त्याच वर्षी ड्युरँड कपही आला. लोबेरांच्या संघातील बचावपटू कार्लोस पेन्या 2022 मध्ये प्रशिक्षक म्हणून परतला, हा धागाही विसरू नये. दुसऱ्या बाजूला, 2021-22 मध्ये फेरांडो हंगामाच्या मध्यातच निघून गेले आणि संघ नवव्या स्थानापर्यंत घसरला. हे अपयश लोबेरांच्या माथी मारण्यात अर्थ नाही, तसेच नंतर मानोलो मार्केझ यांच्या काळात संघ पुन्हा वर आला त्याचे श्रेयही त्यांना देता येत नाही. माझा ठोकताळा असा आहे की प्रशिक्षकाच्या जाण्यानंतर दोन हंगामांपर्यंतचे बरेवाईट त्याच्या खात्यावर अंशतः मांडावे. त्यानंतरचे ज्याचे त्याच्या नावावर.

पण एक गोष्ट या हिशेबात मावत नाही. फातोर्ड्याच्या गॅलरीत आजही गोलरक्षकाने विनाकारण चेंडू लांब मारला की नाराजीचा सूर उमटतो. तो सूर मला लोबेरांच्या आधी तितका ऐकू येत नसे. पाठीराख्यांची आवड बदलणे हाही वारसाच आहे, आणि तो मुंबईला नेता आला नाही.

मुंबई सिटीच्या पाठीराख्याशी हा वाद घालायची वेळ आली, तर थोडी अधिक काळजी घ्यावी. 2020-21 चा संपूर्ण हंगाम करोनामुळे गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर खेळला गेला. उपांत्य फेरीत मुंबई आणि गोवा समोरासमोर आले, दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि पेनल्टी शूटआउटमध्ये मुंबई 6-5 ने पुढे गेली. अंतिम सामन्यात बिपिन सिंगने अखेरच्या मिनिटाला गोल करून एटीके मोहन बागानवर 2-1 असा विजय मिळवून दिला. आमचे जुने प्रशिक्षक आमच्याच मैदानावर करंडक उंचावत होते आणि आम्ही घरी बसून ते पाहत होतो, हे दुःख मुंबईकराला कळावे अशी अपेक्षा जरूर करावी, पण त्याच्या आनंदात त्यामुळे खोट काढू नये. त्याच्या क्लबमध्ये लोबेरा एकच हंगाम राहिले. तरीही त्या वर्षीच्या शील्डमुळे मुंबईला चॅम्पियन्स लीग खेळायला मिळाली आणि 2022 मध्ये डेस बकिंगहॅम यांच्या हाताखाली तिथे सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. त्याला आपल्या बाजूने विचारावे की एका वर्षात त्यांच्याकडे काय रुजले, आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. मुंबईतील माझ्या एका स्नेह्याशी मी असे बोललो, तेव्हा आम्ही दोघेही जाहूच्या लांब पासांविषयी तासभर बोलत राहिलो.

आणि बोलणे अगदीच अडले, तर एक साधा उद्योग करावा. एप्रिल 2021 मधील चॅम्पियन्स लीगच्या गोवा संघाची यादी कागदावर लिहावी आणि प्रत्येक नावापुढे तो खेळाडू लोबेरांच्या काळातला की त्यांच्यानंतर आलेला, हे नोंदवावे. सेरिटन, ब्रँडन, बेदिया एका बाजूला येतील. गोलरक्षक धीरज सिंग, इव्हान गोन्झालेझ, जेम्स डोनाची, होर्हे ऑर्टिझ दुसऱ्या बाजूला. मग अल रय्यानविरुद्धचा पहिला सामना पुन्हा लावावा, चेंडू धीरजकडून कोणाकडे जातो आणि तिथून कोणाकडे, हे पहिल्या अर्ध्या तासापुरते त्याच कागदावर टिपावे, आणि तो कागद मध्ये ठेवून पुन्हा बोलायला बसावे.